कल्पनेचा उगम आणि चित्रकाराची नीयत

चित्रकाराला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: हे तुम्हाला सुचते कसे? प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरात माणसाची श्रद्धा उघडी पडते. मराठीत आपण ‘मला सुचले’ असे म्हणतो. ‘मला भूक लागली’, ‘मला आठवले’ या वाक्यांप्रमाणेच येथेही माणूस कर्ता नसतो. जे आले ते त्याच्याकडे आले, आणि ते त्याने स्वीकारले, एवढेच हे वाक्य सांगते. आधुनिक कलाविचाराने मात्र गेल्या दोन शतकांत वेगळी भाषा रूढ केली. कलावंत हा निर्माता आहे, त्याच्या कल्पनेचा झरा त्याच्या स्वतःच्या अंतरंगात आहे आणि पूर्वी कोणीही न केलेले करून दाखविण्यातच त्याचे मोठेपण आहे, असे ती भाषा सांगते.

मुस्लिम चित्रकाराला हा दावा सहजासहजी करता येत नाही. सूरह अल्-हश्रच्या शेवटच्या आयतीत अल्लाहची जी नावे येतात त्यांत अल्-खालिक, अल्-बारी आणि अल्-मुसव्विर ही तीन लागोपाठ आहेत (कुरआन 59:24). खालिक म्हणजे निर्माणकर्ता, बारी म्हणजे अस्तित्वात आणणारा आणि मुसव्विर म्हणजे आकार व रूप देणारा. उर्दूत आणि अरबीत चित्रकारालाही मुसव्विर असेच म्हणतात. जो शब्द अल्लाहचे नाव आहे, तोच शब्द आपल्या व्यवसायाचे नाव म्हणून वापरावा लागणे ही चित्रकारासाठी रोजची आठवण आहे. रूप देणे हे मुळात कोणाचे काम आहे आणि आपण त्यात कितपत वाटेकरी होऊ शकतो, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

हा प्रश्न ज्या समाजातील चित्रकारांनी विसाव्या शतकात फार गांभीर्याने हाताळला, त्यांत मलय समाजाचा उल्लेख करावा लागेल. मलेशियाच्या राज्यघटनेत ‘मलय’ कोणाला म्हणावे याची व्याख्या दिली आहे आणि इस्लामचे अनुसरण हा त्या व्याख्येचा एक भाग आहे. म्हणजे मलय चित्रकार हा मुस्लिम चित्रकार असतो. दुसरीकडे, कॅनव्हासवर तैलरंगांत चित्र काढून ते प्रदर्शनात मांडण्याची पद्धत त्या भूमीत इंग्रजी अंमलाबरोबर आली. पहिल्या पिढीतील अनेक मलय चित्रकार इंग्लंडमध्ये शिकले. घरी नमाज आणि कुरआन, कलाशाळेत नग्न प्रतिमानावरून रेखाटन, अशा दोन जगांमध्ये ते वाढले. आपल्याला सुचते ते यांपैकी कोणत्या जगातून, हे त्यांना स्वतःला विचारावे लागले.

या पिढीतील सुलैमान ईसा यांचा प्रवास येथे विशेष उपयोगी पडेल. त्यांचा जन्म 1941 साली जोहोर बारू येथे झाला. लंडनमधील हॉर्न्सी कला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. परतल्यावर, 1967 साली कला विभाग सुरू केलेल्या मारा तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले. 1974 साली आपले सहकारी रेदझा पियादासा यांच्यासोबत त्यांनी क्वालालंपूर येथे एक प्रदर्शन भरविले. त्याचे नाव ‘गूढ वास्तवाकडे’ अशा अर्थाचे होते. त्या प्रदर्शनात रंगवलेली चित्रे नव्हती. पक्षी सोडून दिल्यानंतर रिकामा राहिलेला पिंजरा होता. अनेक माणसे बसून गेली आहेत अशी एक रिकामी खुर्ची होती. अर्धवट प्यालेल्या शीतपेयाच्या बाटल्या होत्या, जळून संपलेल्या डासांच्या अगरबत्तीचे अवशेष होते आणि केशकर्तनालयातून गोळा केलेले केस होते.

हे पाहून कोणी हसेल. परंतु या मांडणीमागे एक प्रामाणिक धडपड होती. वस्तू जशी डोळ्यांना दिसते तेवढीच ती नसते, तिच्यातून काळ वाहत असतो, ती एक घटना असते, असे त्या दोघांना सांगायचे होते. पाश्चात्त्य कलेने वस्तूच्या बाह्य रूपाला दिलेले अवास्तव महत्त्व त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी आशियाई विचारपरंपरेत, प्रामुख्याने ताओ आणि झेन विचारांत, आधार शोधला. दृश्य जग म्हणजेच संपूर्ण सत्य नव्हे, ही जाणीव योग्यच होती. मात्र पाश्चात्त्यांकडून तोंड फिरविले म्हणून किब्ला आपोआप सापडतो असे नाही. नकाराने माणूस एका जागेवरून निघतो. तो कोठे पोहोचेल हे नकार सांगत नाही.

1977 साली सुलैमान ईसा यांनी छापचित्रांची एक मालिका केली. सॅम्युएल बेकेट यांच्या प्रसिद्ध नाटकावरून तिला ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाव दिले. त्या नाटकात दोन माणसे कोणाची तरी वाट पाहत राहतात आणि तो येतच नाही. या छापचित्रांत मानवी देहाची छायाचित्रासारखी प्रतिमा आणि इस्लामी भौमितिक नक्षी एकाच चौकटीत समोरासमोर येतात. कलाशाळेने शिकविलेले आणि पूर्वजांकडून आलेले यांचा समेट त्या चौकटीत झालेला नाही. मला ती चित्रे एखाद्या कबुलीसारखी वाटतात. हातात कौशल्य आहे, डोक्यात कल्पना आहेत, परंतु हृदय कोणाच्या तरी प्रतीक्षेत आहे आणि ज्याच्या दिशेने पाहायचे त्या दिशेला अजून तोंड वळलेले नाही, अशी ती अवस्था आहे. अशी अवस्था केवळ चित्रकाराच्याच वाट्याला येते असे नाही. शिक्षण घेतलेल्या आणि घरातील संस्कार न विसरलेल्या कोणत्याही मुस्लिम तरुणाला ती ओळखीची वाटेल.

याच सुमारास मलेशियात आणखी एक घडामोड चालू होती. मे 1969 मध्ये क्वालालंपूर येथे भीषण वांशिक दंगली झाल्या. त्यानंतर राष्ट्राची संस्कृती कोणती मानावी याचा विचार करण्यासाठी 1971 साली मलाया विद्यापीठात राष्ट्रीय सांस्कृतिक परिषद भरली. परिषदेने तीन तत्त्वे मांडली: त्या प्रदेशातील मूळ संस्कृती हा पाया असावा, इतर संस्कृतींतील योग्य घटक स्वीकारावेत आणि इस्लाम हा राष्ट्रीय संस्कृतीचा महत्त्वाचा घटक मानावा. पुढे दशकभर कलाशाळांमध्ये मलय मुळांचा शोध हा चर्चेचा विषय राहिला. जुने कोरीवकाम, विणकाम, घरांची बांधणी आणि जावी लिपी यांकडे चित्रकारांचे लक्ष वळले. जावी म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेली मलय भाषा. तेरेंग्गानू येथे सापडलेला आणि सामान्यतः 1303 सालचा मानला जाणारा शिलालेख हा तिचा प्राचीन पुरावा आहे.

येथे थांबून एक नाजूक भेद पाहिला पाहिजे. समाजाची ओळख ही चांगली गोष्ट आहे. राष्ट्रे आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून केले आहेत, असे कुरआन सांगते, आणि त्याच आयतीत अल्लाहजवळ प्रतिष्ठेचा निकष ईशभय हा आहे, हेही सांगते (49:13). म्हणून ‘हे आमचे आहे’ एवढ्याच कारणाने चित्रकाराने एखादी नक्षी उचलली, तर त्याने आपल्या समाजाची ओळख रंगविली. श्रद्धा रंगविली असे होत नाही. परिषदेने मान्य केले, समीक्षक प्रशंसा करतील, संग्रहालय विकत घेईल, या अपेक्षेने एखादी कल्पना सुचली असेल, तर त्या कल्पनेचा किब्ला प्रेक्षक हा आहे. दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना सूरह अल्-माऊनमध्ये जी ताकीद दिली आहे, ती दिखाव्यासाठी तारका व कमानी रंगविणाऱ्यालाही लागू पडते.

आता मूळ प्रश्नाच्या कठीण बाजूकडे वळू. सजीवांची चित्रे काढण्याबाबत हदीसमध्ये कडक इशारे आहेत. जे अशी रूपे घडवितात त्यांना कयामतच्या दिवशी, आपण घडविलेल्यात प्राण फुंका, असे सांगितले जाईल, हा आशय सर्वपरिचित आहे. मलय मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत, आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबांप्रमाणेच. त्या मसलकाचे थोर विद्वान इमाम नववी यांनी या बाबतीत कठोर भूमिका घेतली आणि सावली पडणारी मूर्ती व सपाट चित्र यांत फरक केला नाही. मालिकी परंपरेतील काही विद्वानांनी सपाट चित्रांबाबत तुलनेने सौम्य मत दिले, आणि छायाचित्रांविषयी आजच्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. हा लेख फतवा नाही. ज्याला निर्णय हवा त्याने आपल्या विश्वासू आलिमांना विचारावे. येथे आपल्याला पाहायचे आहे ते हे की या मर्यादेने मुस्लिम कलावंताच्या मनाचे काय केले. त्याची कल्पना खुंटली, की तिला वळण लागले?

याचे उत्तर सहीह बुखारीतील एका प्रसंगात सापडते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे एक मनुष्य आला आणि म्हणाला की माझी उपजीविका हातच्या कामावर आहे आणि मी अशी चित्रे घडवितो. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून ऐकलेला इशारा सांगितला. तो ऐकून त्या मनुष्याचा चेहरा पिवळा पडला. त्याची ही अवस्था पाहून इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला असा सल्ला दिला की तुला हे काम करणे भागच असेल तर झाडांची आणि ज्यांच्यात प्राण नाही अशा वस्तूंची चित्रे काढ. या प्रसंगातील करुणा लक्षात घेण्यासारखी आहे. त्या कारागिराला त्याच्या हातातील कला टाकून दे असे सांगितले गेले नाही. ती वळवून दाखविली गेली. एक दार बंद करताना दुसऱ्या दारापर्यंत त्याला पोहोचविले गेले.

मलय कारागिरांनी त्या दुसऱ्या दारातून आत जाऊन काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सोंगकेत हे तेरेंग्गानू व केलांतान येथील जरीचे वस्त्र आहे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या साध्या विणीत सोन्याच्या जरीचा जादा आडवा धागा मोजून घालीत नक्षी उठविली जाते. पैठणीचा पदर ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या कामाच्या चिकाटीची कल्पना येईल, जरी दोन्हींची पद्धत वेगळी आहे. या वस्त्रावरील काही नक्ष्यांची नावे ऐका. एकीचे नाव ‘सेमुत बेरिरिंग’, म्हणजे रांगेने चालणाऱ्या मुंग्या. दुसरीचे ‘इतिक पुलांग पेतांग’, म्हणजे संध्याकाळी घरी परतणारी बदके. तिसरीचे ‘पुचुक रेबुंग’, म्हणजे बांबूचा कोंब. नाव मुंग्यांचे आहे, पण वस्त्रावर मुंगी नाही. तेथे आहे ती सरळ, बारीक, एकामागून एक जाणाऱ्या ठिपक्यांची शिस्त. बदके नाहीत, तर एकाच वळणाचा आकार रांगेत पुन्हा पुन्हा येतो, जणू सर्वांना एकाच घरी जायचे आहे.

या नक्ष्यांकडे पाहताना सुचण्याचा एक वेगळा अर्थ उमगतो. कारागिराने मुंगी पाहिली नाही असे नाही. त्याने ती इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहिली. तिचे शरीर घडविण्याचा मोह त्याने सोडला आणि तिच्या चालण्यात जो कायदा आहे तो उचलला. मुंगीला रूप देणारा अल्लाह आहे; त्या रूपाशी स्पर्धा करण्याची त्याला गरज भासली नाही. तिला ज्या व्यवस्थेने चालविले जाते ती व्यवस्था दिसली, एवढे त्याला पुरले. मधमाशीला तिच्या पालनकर्त्याने घर बांधण्याची प्रेरणा दिली असे कुरआनने सांगितले (16:68). ज्याच्याकडे पाहण्याची दृष्टी आहे त्याला त्या पोळ्याच्या षट्कोनात प्रेरणेची खूण दिसते. मर्यादेमुळे या कलावंताची कल्पना खुंटली नाही, उलट ती देहाकडून नियमाकडे गेली.

लाकडावरील कोरीवकामातही हीच शिकवण आहे. जुन्या मलय घरांत दारा-खिडक्यांच्या वर आरपार कोरलेल्या फळ्या बसवीत, ज्यांतून वारा आणि उजेड आत येई. त्यांवर पाने, कळ्या व वेली असत. या कारागिरांत पिढ्यान्‌पिढ्या काही संकेत शिकविले जात आले आहेत. वेल एका उगमातून निघाली पाहिजे, आणि तो उगम झाकलेला असला पाहिजे. वाढताना तिचे टोक शेजारच्या पानाला टोचता कामा नये. ती वर चढेल, वळेल, दुसऱ्या वेलीत गुंफली जाईल, परंतु कोणाला दाबणार नाही. हा जसा कोरण्याचा नियम आहे तसाच तो शेजारधर्मही आहे. ज्या मुलाने वडिलांच्या हाताखाली बसून दहा वर्षे अशी वेल कोरली असेल, त्याला शेजाऱ्याला न टोचता वाढावे हे वेगळे सांगावे लागले नसेल.

सुलैमान ईसा यांच्या प्रवासाकडे परत येऊ. छापचित्रांच्या त्या प्रतीक्षेनंतर ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तो काळ मुस्लिम जगतात आत्मपरीक्षणाचा होता. इस्माईल राजी अल्-फारूकी आणि त्यांच्या पत्नी लोइस लमिया अल्-फारूकी या विद्वान दांपत्याने इस्लामी कलेची तौहीदच्या आधाराने मीमांसा केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: इस्लामी नक्षीला निसर्गतः शेवट नसतो. चौकट संपते तेथे नक्षी केवळ कापली जाते, पाहणाऱ्याचे मन ती पुढे नेत राहते आणि अखेर थकून थांबते. अमर्याद असे काही आहे आणि ते डोळ्यांच्या कवेत येणार नाही, ही जाणीव त्या थांबण्यात असते. अल्लाहसारखे काहीही नाही (42:11), हे शब्दांत सांगितलेले सत्य तेथे रेषांत सांगितले जाते.

1980च्या दशकात सुलैमान ईसा यांच्या कामातून मानवी देह मागे पडला आणि भौमितिक नक्षी पुढे आली. 1983 सालच्या त्यांच्या मालिकेचे नाव ‘नूरानी’ आहे. पुढे त्यांनी सोंगकेतसारखी वस्त्रे आणि मलय कारागिरीचे साहित्य आपल्या कलेत आणले. ज्या वस्तू लंडनच्या कलाशाळेने कदाचित हस्तकला म्हणून एका बाजूला ठेवल्या असत्या, त्यांना त्यांनी चित्राच्या चौकटीत मान दिला. 2011 साली क्वालालंपूरच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात त्यांच्या अनेक दशकांच्या कामाचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याला ‘रजाअ’ असे नाव दिले गेले. रजाअ म्हणजे परतणे. आपण मृत्यूची वार्ता ऐकल्यावर जे शब्द उच्चारतो त्यांत ‘राजिऊन’ हा शब्द याच धातूपासून आला आहे. संध्याकाळी घरी परतणाऱ्या बदकांची नक्षी ज्या भूमीत विणली जाते, त्या भूमीतील चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाला हे नाव शोभून दिसते.

अशी नक्षी काढावयाची कशी, हे घरातील कंपासपेटी घेऊन कोणालाही पाहता येईल. कर्कटकाचे टोक एका बिंदूवर टेकवून वर्तुळ काढावे. त्या वर्तुळात एक चौरस बसवावा आणि दुसरा चौरस अर्ध्या काटकोनात फिरवून त्यावर बसवावा. आठ टोकांची तारका तयार होते. तिच्या बाजू वाढवीत नेल्या की शेजारी दुसरी तारका, मग तिसरी, अशी ती पसरत जाते. काम पूर्ण झाल्यावर मूळ वर्तुळ आणि मदतीच्या रेषा पुसल्या जातात. ज्या बिंदूपासून सारे सुरू झाले तो बिंदू शेवटी दिसत नाही, तरी प्रत्येक रेषा त्याच्याच हिशेबाने चालते. कोरीव वेलीचा झाकलेला उगम आणि हा पुसलेला बिंदू यांत एकच अदब आहे. सारे ज्याच्यामुळे आहे तो दृष्टीस पडत नाही, आणि तरीही जे दिसते ते त्याचीच साक्ष देते.

तथापि येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. तारका आणि कमानी आज हॉटेलांच्या दालनांत आणि बँकांच्या भिंतींवरही दिसतात. मग भौमितिक नक्षी काढली की चित्र इस्लामी झाले काय? नाही. आकारात स्वतःहून पुण्य नसते. प्रत्येक कृतीचे मोल नीयतवर आहे, हे शिकविणारी हदीस बुखारीच्या ग्रंथात अगदी आरंभी येते. पूर्वजांची नक्षी न समजता गिरविणे हे त्यांचे अनुकरण ठरेल, त्यांची दृष्टी मिळविणे ठरणार नाही. मुंग्यांची नक्षी ज्याने पहिल्यांदा विणली त्याने मुंग्या पाहिल्या होत्या. जो केवळ त्याची नक्षी पाहून पुन्हा नक्षीच विणतो, त्याने मुंग्यांकडे पाहण्याची पाळी अजून यायची आहे.

म्हणून मलय चित्रकारांत वेगवेगळ्या वाटा दिसतात आणि त्यांकडे आदराने पाहिले पाहिजे. लतीफ मोहिदीन हे चित्रकार आणि कवी दोन्ही आहेत. 1960च्या दशकात बर्लिनमध्ये शिकून आल्यावर ते आग्नेय आशियात भरपूर फिरले. त्यांच्या ‘पागो-पागो’ या मालिकेत पॅगोड्यांचे शिखर आणि बांबूचा कोंब यांचे आकार एकमेकांत मिसळतात. सोंगकेतवरील ‘पुचुक रेबुंग’ आणि हा कोंब एकाच बनातले आहेत, परंतु लतीफ मोहिदीन यांच्या चित्रात तो पायी फिरून पाहिलेला आहे. अहमद खालिद युसुफ (1934–1997) यांनी जावी अक्षरांनाच चित्राचा विषय केले. 1971 सालच्या त्यांच्या एका चित्राचे नाव ‘अलिफ, बा, ता’ असे आहे. मकतबमध्ये गुडघे टेकून बसलेले मूल जी पहिली अक्षरे गिरविते त्यांकडे एका प्रौढ चित्रकाराने पुन्हा वळून पाहावे, यात विनम्रता आहे. सय्यद अहमद जमाल (1929–2011) यांनी 1979 साली मलय वस्तूंचे प्रदर्शन मांडले, त्याचे नाव ‘रूपा दान जिवा’ असे होते. मलय भाषेतील हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला अनुवादावाचून कळतील: रूप आणि जीव.

प्रवास, अक्षर, वस्त्र, लाकूड. वाटा अनेक असल्या तरी पाहण्याची एक सवय सर्वत्र समान आहे. आकाशाच्या रचनेत काही खोट दिसते का ते पाहा, पुन्हा नजर टाका, आणखी एकदा टाका, अशा आशयाचे आवाहन कुरआन करतो (67:3-4). उभे असताना, बसलेले असताना व कुशीवर पडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणारे आणि आकाश व पृथ्वीच्या रचनेवर चिंतन करणारे, असे बुद्धिवंतांचे वर्णन तो करतो (3:190-191). येथे स्मरण आणि चिंतन एकत्र आले आहेत. चिंतन आहे पण स्मरण नाही, अशा माणसाला पुष्कळ सुचते. मात्र ते आपले स्वतःचे आहे असे त्याला वाटू लागते. कल्पना सुचणे ही सबुरीने पाहणाऱ्याला मिळणारी देणगी आहे, आणि देणगीचा हिशेब द्यावा लागतो.

यासंबंधी कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांचे उदाहरण आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले, चिलखते बनविण्यास सांगितले, कड्यांचे माप नीट राखण्यास सांगितले आणि त्याला जोडूनच सत्कर्म करण्याची आज्ञा दिली (34:10-11). एका प्रेषिताला कारागिरी शिकविली जात आहे आणि त्या शिक्षणात मापाचा काटेकोरपणा व सदाचार हे शेजारी शेजारी बसले आहेत. कडी मोजताना केलेली कसूर ही या दृष्टीने केवळ कामातील चूक राहत नाही. तसेच कवींविषयी बोलताना कुरआन प्रत्येक दरीत भटकणाऱ्यांना दोष देतो, परंतु श्रद्धा ठेवणारे, सत्कर्मे करणारे आणि अल्लाहचे अधिक स्मरण करणारे यांना त्यातून वगळतो (26:224-227). प्रतिभा निषिद्ध नाही. तिचे दिशाहीन भटकणे निषिद्ध आहे. सुलैमान ईसा यांच्या चित्रांतील परतण्याला या आयतींच्या उजेडात अर्थ प्राप्त होतो.

हा सारा विचार शेवटी आपल्या घरापर्यंत येतो. अनेक मुस्लिम घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानांवर सतत चित्रे काढीत असते. आई-वडील दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण हे सारे निषिद्ध म्हणून वही फाडून टाकतात. काही जण शाळेतील बक्षिसाच्या आनंदात कोणतीच मर्यादा सांगत नाहीत. इब्ने अब्बास (रजि.) यांचा मार्ग या दोन्हींहून वेगळा होता. त्यांनी मर्यादा स्पष्ट सांगितली आणि मग त्या माणसाच्या हाताला काम दिले. आपणही मुलाला अंगणातील पानावरच्या शिरा दाखवू शकतो, कर्कटकाने तारका काढायला शिकवू शकतो, अलिफ सुंदर लिहिण्यासाठी बोरू हाती देऊ शकतो. मुंग्यांची रांग दिसली तर थांबून तिच्याबरोबर पाहू शकतो. त्या बारीक जीवांचा कुरआनात एका संपूर्ण सूरहच्या नावाने उल्लेख आहे, हेही सांगू शकतो.

आणि ते मूल मोठे होऊन खरोखर चित्रकार झाले, तर लोक त्यालाही विचारतील, हे तुम्हाला सुचते कसे? त्या वेळी उत्तर देण्यापूर्वी त्याने मनाशी तीन गोष्टी तपासाव्यात. मी काय पाहिले आणि ते पाहण्याचा मला अधिकार होता का? मी ते कोणाला दाखविण्यासाठी रंगविले? आणि ते चांगले झाले तेव्हा माझ्या ओठांवर माझे नाव आले की अल्‌हम्दुलिल्लाह? ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता येतील, त्याने ‘मला सुचले’ असे खुशाल म्हणावे. आपल्या भाषेच्या या वाक्यात कर्तेपणाचा दावा नाही. देणारा कोण हे ते सांगत नाही, कारण ते जाणून घेणे बोलणाऱ्याच्या श्रद्धेवर सोपविले आहे.

अल्लाह आपल्या डोळ्यांना पाहण्याची सबुरी, हातांना मापाची सचोटी आणि हृदयाला परतण्याची वाट देवो. आमीन.